राबाचा धूर आणि आत्याबाईंचा चहा

फाल्गुन सरत आला की आमच्या कळंबच्या शिवारात राब पेटतात. सुरुवातीला धूर दिसत नाही, नुसता वास येतो. शेणाचा, सुक्या पानांचा आणि मध्येच एखाद्या ऐनाच्या ओल्या फांदीचा. सूनबाई खिडकी लावायला उठते. मी म्हणते, राहू दे गं. ती म्हणते, "आई, खोकला वाढंल." वाढू दे की. या वयात खोकल्याशिवाय दुसरं काय वाढायचं राहिलंय? ती हसते आणि खिडकी अर्धी लावते. आमच्या घरातल्या तडजोडी अशाच अर्ध्या खिडकीच्या असतात.

त्या अर्ध्या खिडकीतून धूर आत येतो आणि धुरामागून आत्याबाई येतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. त्यांना जाऊन कितीतरी पावसाळे झाले, पण राबाच्या दिवसांत त्या येतातच. अंगानं सडपातळ, नेसू गुडघ्यापर्यंत आवरलेलं, हातात पेटती चूड आणि चेहरा लाल. दोन्ही गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग, जिथं कुंकू लावायचं तोही. कुंकू कुठं संपतं आणि कपाळ कुठं सुरू होतं ते कधी कधी कळायचं नाही.

मी या घरात आले ती अशाच एका फाल्गुनात. जर्मनची लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. माझे वडील कर्जतच्या स्टेशनात कामाला, रेल्वेच्या चाळीत आमचं बिऱ्हाड. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिन लागतं, त्याच्या शिट्टीवर आमची सकाळ उजाडायची. शाळेत चार बुकं शिकलेली, 'आहे-नाही' असं स्वच्छ बोलणारी, आणि त्याचा थोडा तोरा असलेली मुलगी. कळंबला आले तर सगळं 'हाय' आणि 'नाय'. आत्याबाई मला टेसनातली म्हणायच्या. मी ते मनाला लावून घ्यायचे. लावून घ्यायला त्या वयात कारण लागत नाही.

आणि समोर तो लाल चेहरा. आमच्या घरी माणूस लाल झालं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. वडिलांचे कान लाल झाले की आम्ही भावंडं पलंगाखाली जायचो. तेव्हा मी सरळ हिशेब केला, की सासू माझ्यावर रागावलेली आहे. सकाळी उठले तर गाल जरा लाल, म्हणजे जरा राग. चुलीपुढून उठल्या की भडक लाल, म्हणजे मी केलेली भाजी बिघडली. दुपारी उन्हातून आल्या की नाकासकट लाल, त्या वेळी तर मी माजघरात शिरून धान्य निवडायचे. निवडलेलं पुन्हा निवडायचे. मान खाली. आत्याबाई काही विचारायच्या, मी जमिनीला उत्तर द्यायचे.

आता सांगते, त्या बाईला खरा राग आला की चेहरा अजिबात लाल व्हायचा नाही. त्या गप्प बसायच्या आणि भांडी घासायच्या, आणि घासताना तांब्याचा हंडा असा काही आपटायच्या की शेजारचं कुत्रं उठून जायचं. पण हे कळायला मला बरेच महिने लागले.

राग शांत करायचा उपाय मी कर्जतहून बरोबर आणला होता. चहाचा डबा. तेव्हा खेड्यात चहा घरोघर नव्हता. आमच्या स्टेशनात मात्र चहाचा प्रचार करणारा एक माणूस यायचा. टेबल मांडून फुकट चहा पाजायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, की उन्हाळ्यात गरम चहासारखं थंड काही नाही. जेवढा कडक आणि कढत, तेवढा अंगाला गारवा. मी लहानपणापासून हे ऐकलेलं. देवाच्या गोष्टीवर शंका घेतली असेल, यावर कधी घेतली नाही. आईनं लग्नात डबा दिला, एक कानतुटकी कपबशी दिली, आणि सांगितलं, सासूला आपल्या हातचा चहा देत जा, घर जिंकशील.

मग काय. आत्याबाई लाल दिसल्या की मी चहा टाकायची. गूळ, भरपूर पावडर, आलं ठेचून, उकळ्या फुटेपर्यंत आणि उकळ्या फुटल्यावरही. वाफ निघणारा कप घेऊन त्यांच्यापुढं उभी राहायची. त्या बघायच्या माझ्याकडं, मग कपाकडं, आणि "आण गं" म्हणून घ्यायच्या. मामंजी एकदा म्हणाले, "बशीत ओत की." पण मी स्टेशनातली शहाणी. म्हटलं, गार झाला तर गुण जातो. आत्याबाईंनी कप तसाच तोंडाला लावला.

थोड्या वेळानं त्यांचा चेहरा आणखी लाल झालेला असायचा. मी समजायचे, राग मोठा आहे, एका कपानं भागत नाही. संध्याकाळी दुसरा टाकायची.

गावाची मतं वेगळी होती. कोणी म्हणे दृष्ट लागली. कोणी म्हणे देवी येऊन गेल्याचं राहिलंय अंगात. शेजारच्या सोनूकाकी तर आल्या, ओट्यावर बसल्या, आणि चौकशी केल्यासारखं करून विचारलं, "वैनी, मोहाचं काय घेता काय गं रातचं?" आत्याबाई त्या दिवशी हंडा घासत नव्हत्या म्हणून सोनूकाकी वाचल्या. पण त्याच सोनूकाकींनी दुसऱ्या कोणाजवळ हळूच वाईट रोगाचं नाव काढलं, तसं विहिरीवर बायका थोड्या सरकून उभ्या राहू लागल्या. फार नाही, हातभर. हातभर सरकलेलं पण दिसतं माणसाला. त्या दिवसापासून आत्याबाई पाण्याला उन्हाच्या वेळी जायला लागल्या, विहिरीवर कोणी नसताना. म्हणजे आधीच लाल, त्यात भर दुपारचं ऊन.

घरात येताना नुसत्या निखाऱ्यासारख्या दिसायच्या, आणि मी चहा टाकायला उठायची.

त्यांनी स्वतःही उपाय केले. लिंबू चोळलं, हळद लावली, राखेनं तोंड घासलं. कोणी बिब्बा सांगितला तेव्हा मात्र मामंजींनी बिब्बा उचलून परसात फेकला. म्हणाले, "तोंड हाय का बैलाचा खांदा हाय?" मामंजी कमी बोलायचे, पण बोलले की वर्षभर पुरायचं.

इकडं माझं मन ठरत आलं होतं. पावसाआधी मला माहेरी न्यायला भाऊ येणार होता. तसा रिवाजच. मी ठरवलं, एकदा कर्जतला गेले की आईच्या कुशीत शिरायचं आणि सांगायचं, मी परत जाणार नाही. ज्या घरात सासू उठल्यापासून निजेपर्यंत रागानं लाल असते तिथं मी कशी राहू? आमचे हे, म्हणजे माझा नवरा, स्वभावानं गरीब. शेतावर राबायचे, घरी येऊन जेवायचे आणि आईनं हाक मारली की धावायचे. त्यांच्याजवळ काय सांगणार? पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी घडी करून ठेवायला मी आधीच सुरुवात केली होती.

राब काय असतो ते ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तिथं आधी शेण पसरायचं, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक माती. मग पेटवायचं. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, रोप जोमानं येतं. पण पेटवण्यात मेख आहे. वारा पाठीशी घेऊन पेटवला तर राब भडभडून जातो, वरवर जळतो आणि खालची जमीन कच्ची राहते. म्हणून वारा जिकडं वाहतो त्या टोकाला उभं राहायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि तिथून पेटवायचा. आग मग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते, जमीन नीट भाजते. पेटवणाऱ्याच्या तोंडावर मात्र सगळा धूर आणि सगळी धग.

आमच्या घरचा राब आत्याबाईच पेटवायच्या. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांनी पेटवलेल्या राबाचं रोप काळंभोर येतं, असं सगळे म्हणत. मानाचं काम होतं. त्या वर्षी त्या चूड घेऊन उभ्या राहिल्या आणि वारा नेमका जोरात होता. मी बांधावर पाण्याची कळशी घेऊन उभी. धूर विरला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आणि कळशी खाली ठेवली. कातडी ताणून चकाकत होती. नाकावर, गालांवर बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. डोळे उघडत नव्हते. त्या हात पुढं करून चाचपडत म्हणाल्या, "माती गेल्यावानी खुपतंय गं. कुठं हायस तू?"

मी हात धरला. लग्न झाल्यापासून त्यांना पहिल्यांदा शिवले असेन.

मामंजींचे आंबे दर उन्हाळ्यात माथेरानला जायचे. मुंबईचे एक म्हातारे डॉक्टर हवा खायला तिथं बंगला घेऊन राहायचे, त्यांच्याकडं एक टोपली ठरलेली. मामंजींनी त्यांना घरची अडचण सांगितली, ते म्हणाले, घेऊन या. आत्याबाईंचे डोळे धड उघडत नव्हते, म्हणून त्यांचा हात धरायला मी. नेरळपर्यंत बैलगाडी, पुढं पायवाट. झुकझुक गाडी आमच्यासाठी नव्हती, ती साहेबलोकांसाठी. आंब्याच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या ठाकरणी आमच्या पुढं चढत होत्या, गप्पा मारत, आणि मी रिकाम्या हातानं धापा टाकत होते. वर चढलो तसा वारा गार झाला. वरच्या झाडीची सावली अशी दाट, की दुपार असून ऊन जमिनीवर थेंबाथेंबानंच पडलेलं.

सावलीत बसल्यावर आत्याबाईंचा चेहरा निवायला लागला. लाली हळूहळू मागं हटली आणि तिच्या खालचा चेहरा दिसला. मी तो आधी पाहिलाच नव्हता. गव्हाळ, मऊ, गालावर बारीक लाल रेषांचं जाळं, आणि डोळ्यांभोवती हसून पडलेल्या सुरकुत्या. हसणाऱ्या बाईच्या सुरकुत्या. मला वाटलं, ही कोण?

डॉक्टर बंगल्याच्या व्हरांड्यात बसले होते. त्यांनी आत्याबाईंचा चेहरा उजेडाकडं वळवून पाहिला, पापण्या पाहिल्या, नखानं गाल हलका दाबून पाहिला. मग खुर्चीला टेकले. म्हणाले, "बाई, हा महारोग नाही. देवीचं काही नाही. लागट नाही. आणि दारूचं तर नाहीच, लोक काहीही म्हणोत." इंग्रजी नावही सांगितलं, रोझेशिया. नाव ऐकून मामंजी हळूच म्हणाले, "मडमेचं नाव वाटतंय." डॉक्टर मोठ्यानं हसले.

मग त्यांनी समजावलं, अगदी सावकाश. काही माणसांच्या चेहऱ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पटकन उघडतात आणि उशिरा मिटतात. ऊन, चुलीची धग, गरम वारा, तिखट, धावपळ, मनाचा त्रास, कशानंही उघडतात. पुन्हा पुन्हा उघडून त्या सैल पडतात आणि मग लाली मुक्कामाला येते. हा मुळापासून जाणारा आजार नाही. पण आपला चेहरा कशानं भडकतो ते आपण ओळखायचं, आणि त्या वाटेला जायचं नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं. लिंबू नको, राख नको, घासणं तर मुळीच नको. गार पाण्यानं नुसतं टिपायचं. पापण्यांना उकळून निववलेलं पाणी. लावायला एक पांढरं औषध देतो.

आणि मग एकेक विचारू लागले. उन्हात जाता? जाते. चुलीपुढं किती वेळ? असते की. मिरची? खाते. आत्याबाई सरळ उत्तरं देत होत्या.

"कढत काही पिता? चहा वगैरे? वाफेचं, कडक?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. अर्धवट उघडे, सुजलेले डोळे. क्षणभरच. मग डॉक्टरांकडं वळल्या.

"चा? नाय. आमच्यात चा कोन पितो?"

मामंजी छपराकडं बघायला लागले. मी खांबाआड पदर ओढून उभी. मोठ्यांच्या बोलण्यात सुनेनं बोलायचं नाही, परपुरुषासमोर तर नाहीच. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "पितात. दिवसातून दोनदा. मी देते. उकळता देते, बशीत ओतू पण देत नाही."

डॉक्टरांनी चष्मा वर करून आधी मला पाहिलं, मग त्यांना. "चहा वाईट नाही," म्हणाले, "कढतपणा वाईट. निववून द्या." आणि आत्याबाईंना म्हणाले, "बाई, तुम्हाला कळत नव्हतं का, की प्यायल्यावर तोंड पेटतं?"

आत्याबाई लाल झाल्या. त्या सावलीत, त्या गार वाऱ्यात, ना ऊन ना चूल. मनाच्या त्रासानं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लाजेला त्यांनी वेगळं खातं ठेवलं नव्हतं.

उतरताना मामंजी टोपली घेऊन पुढं गेले. वाटेत एका दगडावर आम्ही दोघी टेकलो. करवंदांच्या जाळ्या होत्या, पिकायला अजून अवकाश होता. मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "आत्याबाई, त्रास होत होता तर का प्यायलात?"

त्या पदरानं वारा घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू घरात आल्यापासून माझ्याकडं बघत नव्हतीस गं. हाक मारली का खाली मान. मला वाटलं, पोरीला माजं ह्ये तोंड किळसवाणं वाटतंय. वाटणारच, गावाला वाटतंय. पन चा घेऊन आलीस का तेवढी वर बघायचीस. आवडला का नाय म्हनून बघायचीस. तेवढ्यासाठी प्यायची."

मी त्यांना भीत होते आणि त्या मला. आमच्या घरात सून विचारत नाही आणि सासू नको म्हणत नाही, हीच रीत. त्या रीतीपायी एक बाई आपलं तोंड दोन वेळा भाजून घेत राहिली, सुनेनं आपल्याकडं बघावं म्हणून. मी रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू नगं. तुजं पन नाक लाल होतंय."

मी म्हटलं, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर सारख्या रागावलेल्या असता. त्या इतक्या हसल्या, की पुढं गेलेले मामंजी थांबून वळून बघायला लागले.

त्यानंतरचा उरलेला उन्हाळा आठवतो तो ओल्या फडक्यासारखा आठवतो. गार, अंगाला चिकटलेला. पाण्याला आम्ही दोघी भल्या सकाळी जायचो, बायका असतानाच. मी मुद्दाम त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहायची, आणि सोनूकाकींना मोठ्यानं ऐकवायची, की मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, लागट नाही. सोनूकाकी म्हणाल्या, "मी कुठं काय म्हनलं?" आणि हातभर पुढं सरकल्या. चुलीपुढं मी बसायची. भाजी त्यांच्यापुरती मिरची घालण्याआधी काढून ठेवायची. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, गोडुस लागतंय. मग सवय झाली. उन्हात निघाल्या की त्यांच्या पदराखाली ओलं फडकं. पांढरं औषध लावून बसल्या की मामंजी म्हणायचे, "आली नेरळची मडम."

सगळं पथ्य पाळूनही काही दिवस चेहरा उगाच लाल व्हायचा. कारण शोधून सापडायचं नाही. तेव्हा आत्याबाई आरशाची फळी उलटी ठेवायच्या आणि म्हणायच्या, आज त्याची मर्जी. मला त्यांची ही गोष्ट फार आवडायची. रोगाशी त्या भांडल्या नाहीत, त्याला घरातल्या एखाद्या तऱ्हेवाईक पाहुण्यासारखं सांभाळलं.

चहा मी गाळून बशीत ओतायची, बशीतून पुन्हा कपात, पुन्हा बशीत. वाफ संपेपर्यंत. तोवर आम्ही बोलायचो. चहा निवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात दोन बायकांचं किती बोलून होतं हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

मामंजींच्या भावकीतला एक राब पेटवायचा राहिला होता. आत्याबाईंनाच बोलावणं आलं. त्या मला घेऊन गेल्या, राबाच्या वरच्या अंगाला, जिथं धूर येत नाही तिथं आंब्याखाली बसल्या, आणि चूड माझ्या हातात दिली. बायका कुजबुजल्या, टेसनातल्या पोरीला काय कळतंय? आत्याबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "वारा तोंडावर घे. भिऊ नगं, मी हाय हितं." मी वारा तोंडावर घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, पापण्यांचे केस करपले. राब चांगला भाजला. त्या पावसाळ्यात त्याचं रोप काळंभोर आलं. पुढं कितीतरी वर्षं आमचा राब मीच पेटवला. आता सूनबाई चूड धरते, मी वरून ओरडते.

भाऊ मला न्यायला आला तेव्हा ट्रंक तयारच होती, ती का तयार होती ते मी कोणाला सांगितलं नाही. कर्जतला गेले, आईच्या कुशीतही शिरले. पण इंजिनाच्या शिट्टीवर जाग आली की पहिला विचार यायचा, चहा कोण निववत असेल? आई म्हणाली, राहा की अजून थोडे दिवस. मी म्हटलं, नको, त्यांच्या डोळ्यांना लावायचं पाणी कोणी उकळणार नाही. आई माझ्याकडं बघत राहिली.

आत्याबाई गेल्या तो फाल्गुनच होता. अंथरुणाला खिळल्या होत्या, शिवारात राब लागले होते, आणि मी अशीच खिडकी अर्धी लावली होती. म्हणाल्या, खिडकी उघड. उघडली. मग म्हणाल्या, "चा कर गं. त्या वर्षीसारखा. कढत."

मी म्हटलं, तुम्हाला सोसणार नाही.

"आता काय राखायचंय? कर."

आलं ठेचलं, गूळ घातला, उकळ्या फुटू दिल्या. बशी घेतलीच नाही. तीच कानतुटकी कपबशी होती, तिचा नुसता कप नेला. त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि कप ओठांशी धरला. दोन घोट घेतले असतील. मग ती लाली आली. आधी नाकावर, मग गालांवर, मग कुंकवाच्या जागी. इतक्या वर्षांत आम्ही जपून जपून दूर ठेवलेली, ओळखीची लाली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आता भीत नाहीस ना गं या तोंडाला?"

मान वर करून मी त्यांच्याकडंच बघत होते. म्हटलं, "नाय."